मितानिन : नाते, नाव आणि मजुरी

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत भोजलीचे विसर्जन होते. श्रावणात टोपलीत गहू पेरून, अंधाऱ्या जागी वाढवलेले पिवळसर कोंब डोक्यावर घेऊन मुली गाणी म्हणत तळ्यावर जातात. टोपली पाण्यात सोडताना थोडे कोंब राखून ठेवतात. ते एकमेकींच्या कानामागे खोवले की दोन मुली परस्परांच्या ‘भोजली’ होतात. त्या दिवसापासून त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत. ‘भोजली’ हीच हाक. नाते जन्माचे असते. जात वेगळी असली तरी चालते. एकीचे आईवडील दुसरीचे ‘फूलदाई’ आणि ‘फूलददा’ होतात आणि लग्नकार्यात, मर्तिकात घरचे माणूस म्हणून उभे राहावे लागते. महाप्रसाद, गंगाजल, जंवारा अशा नावांनीही हे नाते जोडले जाते. या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, मितान. स्त्री असेल तर मितानिन.

२००२ साली, वेगळे राज्य होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, छत्तीसगड सरकारने हा शब्द उचलला आणि एका आरोग्य कार्यक्रमाला दिला. प्रत्येक पाड्यावरची एक बाई त्या पाड्याने निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे आणि तिने शेजारपाजारच्या घरांची आरोग्याची काळजी वाहायची. तिचे नाव मितानिन. आज त्या राज्यात अशा साठ हजारांहून अधिक मितानिन आहेत.

या कार्यक्रमावर सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. या लेखाचा हेतू निराळा आहे. शासनाने ठेवलेले नाव हीसुद्धा एक संहिता असते. ते कोणी ठेवले, त्यातून काय सांगितले गेले, काय सांगायचे टाळले गेले, हे कवितेच्या शीर्षकाबद्दल विचारावे तसे तिच्याबद्दलही विचारता येते. माझे म्हणणे थोडक्यात असे की मितानिन या नावाने ग्रामीण आरोग्यसेवेला जे दिले ते खरे होते, पण त्याच नावाच्या आडोशाने तिच्या श्रमाचा हिशेब दोन दशके पुढे ढकलला गेला. हा प्रश्न छत्तीसगडच्या वेशीवर थांबत नाही. आपल्या दारावर येणाऱ्या आशाताईचाही तोच आहे.

आधीची नावे

मितानिनच्या आधी काय होते ते पाहिल्याशिवाय या नावाचे नावीन्य कळत नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने देशभर एक योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता. त्याला तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये विद्यावेतन, नंतर महिना ५० रुपये आणि तेवढ्याच किमतीची औषधे. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. गावातल्या वजनदार घरांतले, थोडे शिकलेले, सरपंचाच्या ओळखीचे. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला पाऊल टाकता येत नाही अशा माणसाकडे माता-बालकांचे आरोग्य सोपवले गेले होते.

या योजनेच्या नावाचा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिले नाव होते ‘कार्यकर्ता’, कामाशी जोडलेले. ही माणसे संघटित होऊन मोबदल्याची मागणी करू लागली. १९८० साली नाव बदलले आणि तो ‘स्वयंसेवक’ झाला. १९८१ साली पुन्हा बदलले, तो ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ झाला. तीन नावे झाली, पण ५० रुपये वर्षानुवर्षे ५०च राहिले. पगार वाढवता येत नसेल तेव्हा नाव बदलावे, ही युक्ती आपल्या प्रशासनाला फार पूर्वीपासून अवगत आहे.

दुसरे उदाहरण खुद्द छत्तीसगडच्या भूमीवरचे. हा भाग मध्य प्रदेशात असताना, १९९५ साली, तिथे ‘जनस्वास्थ्य रक्षक’ योजना आली. ग्रामीण तरुणांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी गावात सेवेचे शुल्क घेऊन स्वतःचे पोट भरायचे, अशी कल्पना होती. नाव रक्षकाचे, व्यवस्था दुकानदाराची. ज्याला औषधावर जगायचे आहे तो हात धुण्याचा सल्ला देत बसत नाही, सुई टोचतो. त्यांतले कितीतरी जण सरळ गावठी डॉक्टर होऊन बसले.

सरकारी वाटेच्या बाजूने एक वेगळी वाटही चालू होती. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, जामखेडला काम सुरू केले. तिथे निवडल्या गेलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बाया होत्या, पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते तिच्या हातून गाव औषध घेऊ लागले. खुद्द छत्तीसगडात, दल्ली-राजहराच्या लोहखाणींच्या परिसरात, शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या कामगार संघटनेने १९८३ साली शहीद रुग्णालय उभारले. १९७७च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ ते नाव दिले गेले, आणि खाणकामगारांतूनच तिथले आरोग्य कार्यकर्ते घडले. आणि छत्तीसगडला लागून असलेल्या आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या गावकरी स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची देखभाल सोपवली. तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले.

नवे राज्य झाले तेव्हा ही दोन्ही प्रकारची शिदोरी समोर होती. सरकारी योजना का फसल्या हे ठाऊक होते आणि छोटे प्रयोग का जमले हेही. जनआरोग्य चळवळीतली अनुभवी माणसे आखणीला बसली. २००२ साली त्यासाठी राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन झाले. त्या विचारविनिमयातून आलेल्या योजनेला मितानिन हे नाव मिळाले, ते असे पूर्वानुभवातून.

नावाने काय दिले

२०११च्या जनगणनेप्रमाणे छत्तीसगडची लोकसंख्या सुमारे २ कोटी ५५ लाख. त्यातले जवळजवळ ७७ टक्के लोक खेड्यात राहतात, ३० टक्क्यांहून अधिक आदिवासी आहेत. इथे गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरे नसतात. एका गावाचे चार-सहा पारे असतात. पारा म्हणजे आपला पाडा. दोन पाऱ्यांच्या मधे नाला, शेते, कधी जंगलाची पट्टी. एका पाऱ्यातली बाई दुसऱ्या पाऱ्यात पाहुणी असते. म्हणून मितानिन गावामागे न नेमता पाऱ्यामागे नेमायची ठरली. हा निर्णय कागदावर किरकोळ वाटतो, पण सगळा कार्यक्रम त्यावर उभा आहे. ग्रामीण लोकसंख्येला मितानिनांच्या संख्येने भागले तर साधारण सव्वातीनशे माणसांमागे एक असे प्रमाण पडते. म्हणजे साठ-सत्तर घरे. एवढ्या घरांत कोणाला दिवस गेले आहेत, कोणाचे मूल दूध ओढत नाही, कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही, हे विचारायला जावे लागत नाही, आपोआप कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षणाची अट ठेवली नाही. ज्या पाऱ्यात एकही बाई शाळा शिकलेली नाही तिथे आठवी पासची अट घातली तर निवड पाऱ्याच्या हातून सुटते आणि एखाद्या बऱ्या घरच्या सुनेकडे जाते. प्रशिक्षण चित्रांतून, गाण्यांतून, चर्चेतून दिले गेले. कार्यक्रमाची ओळख करून द्यायला गावोगाव कलाजत्थे फिरले.

तिसरी गोष्ट नावाशी थेट जोडलेली आहे. मितानिन म्हटल्यावर तिच्याकडून जे अपेक्षित होते ते निव्वळ औषधपाण्यापुरते उरत नाही. जन्माची मैत्रीण फक्त तापाची गोळी देऊन परत फिरत नाही. म्हणून रेशनदुकानातला तांदूळ कमी का मिळाला, अंगणवाडी बंद का होती, रोजगार हमीची मजुरी का थकली, नवरा दारू पिऊन मारतो त्याचे काय करायचे, ही सगळी कामे मितानिनच्या पदरात आली आणि त्यांतल्या पुष्कळ जणींनी ती अंगावर घेतली. मितानिनांच्या गटांनी गावातल्या मारहाणीच्या प्रकरणांत मध्ये पडल्याची, रेशनच्या तक्रारी तडीला नेल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. पंचायतींच्या निवडणुकांतही मितानिन मोठ्या संख्येने निवडून आल्या. २०२० साली बस्तर मलेरियामुक्त करण्याची मोहीम निघाली, तेव्हा घरोघर जाऊन रक्त तपासण्याच्या कामात त्या होत्याच.

‘पाड्यावरचा आरोग्य सहायक’ या नावाने हे घडले असते का? मला वाटते, नसते. नाव हे नुसते लेबल नव्हते. त्याने कामाची व्याप्ती ठरवली. या अर्थाने मितानिन हे मराठी-हिंदी प्रशासकीय भाषेतले एक दुर्मीळ यशस्वी नाव आहे. संस्कृतातून बेतलेले नाही, इंग्रजीतून उतरवलेले नाही. लोकांच्या तोंडचे आहे आणि लोकांना ते पहिल्याच दिवशी कळले.

नावाने काय झाकले

पण मैत्रिणीला पगार देतात का?

सुरुवातीच्या आराखड्यात मितानिनला नियमित मोबदला नव्हता. त्यामागची कारणे प्रामाणिक होती. पैसा आला की निवड पाऱ्याच्या हातून पुढाऱ्याच्या हाती जाईल. पगार सरकार देईल तर बाई सरकारची होईल, लोकांची राहणार नाही. एवढ्या संख्येने पगार देणे नव्या, गरीब राज्याला झेपणार नाही. १९७७ आणि १९९५चे अनुभव ताजे होते. आखणी करणाऱ्यांना मितानिन ही खालच्या पायरीवरची सरकारी नोकर व्हायला नको होती. १९७७ साली डेव्हिड वर्नर यांनी आपल्या एका गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारले होते की खेड्यातला आरोग्य कार्यकर्ता हा हुकमाचा ताबेदार की मुक्तिदाता. मितानिनच्या शिल्पकारांनी मुक्तिदात्याच्या बाजूने कौल दिला होता.

त्या कौलात एक गोष्ट राहून गेली. भोजलीच्या नात्यात देणेघेणे दोन्ही बाजूंचे असते. मी तुझ्या घरच्या मर्तिकाला उभी राहीन, तू माझ्या घरच्या लग्नाला. इथे एका बाजूला साठ-सत्तर घरे आणि मागे सगळे शासन, दुसऱ्या बाजूला एक बाई. तिने तिचे रोजचे मजुरीचे तास द्यायचे. परतफेड काय, हे नात्याच्या भाषेत विचारणे म्हणजे नात्याचा अपमान. शब्द परंपरेतून घेतला, पण त्या शब्दातली परस्परता घेतली नाही. भोजली एकमेकींचे नाव घेत नाहीत ते आदरापोटी. शासनानेही मितानिनचे नाव कुठल्या हजेरीपटावर, कुठल्या वेतनपत्रकावर घेतले नाही. ते मात्र आदरापोटी नव्हे.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि देशाला ‘आशा’ मिळाली. मितानिनच्या अनुभवाचा त्यात वाटा होता. छत्तीसगडात मितानिनलाच आशा मानले गेले. हे नाव पाहा. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यातून एक भारतीय शब्द पाडला. त्या इंग्रजी नावात शेवटचा शब्द चळवळीतल्या कार्यकर्त्यासाठी वापरतात तो आहे. म्हणजे नाव चळवळीचे आणि त्याच्यासोबत आलेला कागद दरपत्रकाचा. इतक्या कामाला इतके रुपये.

हे दरपत्रकही वाचायला हवे, कारण कोणते काम काम आहे हे ते ठरवते. गरोदर बाईला दवाखान्यात बाळंतपणाला नेले, पैसे. बाळंतिणीच्या आणि नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी दिल्या, २५० रुपये. रात्री मार खाल्लेल्या बाईला स्वतःच्या घरी निजवले, शून्य. रेशनच्या तक्रारीसाठी तालुक्याला हेलपाटे घातले, शून्य. मरणाऱ्या म्हातारीजवळ रात्र काढली, शून्य. मितानिन या शब्दाने जे जे तिच्या पदरात घातले होते, त्यातले बहुतेक या यादीत नाही. नाव सांगते की सगळे तुझे काम आहे. दरपत्रक सांगते की त्यातले एवढेच काम आहे.

यात एक साधे गणित दडलेले आहे. जन्मदर हजारी सुमारे २२ धरला तर हजार वस्तीत वर्षाला २२ बाळंतपणे होतात. मितानिनकडे सव्वातीनशे वस्ती, म्हणजे सात. ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणामागे आशेला मिळणारे ६०० आणि घरभेटींचे २५० धरले, तर एका बाळंतपणामागे ८५०. हजार वस्तीच्या आशेला या दोन बाबींतून वर्षाला १८,७००, म्हणजे महिन्याला साडेपंधराशेच्या आसपास मिळू शकतात. मितानिनला वर्षाला ५,९५०, महिन्याला पाचशेच्या आत. तेही प्रत्येक बाळंतपण दवाखान्यात झाले आणि प्रत्येक भेटीची नोंद मंजूर झाली तर. लसीकरण, बैठका अशा इतर बाबींचे पैसे वेगळे असतात, पण जिथे पैसे डोक्यामागे मोजले जातात तिथे उताराची दिशा हीच राहते. पाऱ्यामागे एक मितानिन हे या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे शहाणपण, आणि नगावर पैसे देण्याच्या पद्धतीत त्याच शहाणपणाची तिला शिक्षा होते. ती जितकी जवळची, तितकी तिची कमाई कमी.

राज्याने केंद्राच्या रकमेवर वेळोवेळी स्वतःची भर घातली हे नोंदवायला हवे. २०२३च्या अर्थसंकल्पात छत्तीसगडने मितानिनांना राज्याच्या निधीतून दरमहा २,२०० रुपये देण्याची घोषणा केली. त्या वर्षी त्याच राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २२१ रुपये होती. म्हणजे महिनाभराच्या मैत्रीची किंमत दहा दिवसांच्या मातीकामाएवढी ठरली.

सकरी, नोव्हेंबर २०१४

नाते आणि दरपत्रक एकत्र आले की काय होते, हे बिलासपूर जिल्ह्याने पाहिले. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी सकरीजवळ एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयाच्या इमारतीत कुटुंबनियोजनाचे शिबिर भरले. काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या आठवड्यातल्या शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किमान १३ स्त्रिया मरण पावल्या. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बाईला ६०० रुपये मिळत, तिला प्रवृत्त करून आणणाऱ्या व्यक्तीला १५०.

या मृत्यूंना मितानिन जबाबदार नव्हत्या. जबाबदारी होती ती शिबिरे भरवणाऱ्या आणि चालवणाऱ्या यंत्रणेची. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत थांबवावीत असा आदेश दिला, त्यातून दोष कोणत्या जागी होता ते स्पष्ट होते. पण त्या बाया कोणाच्या शब्दावर विसंबून गेल्या, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही. पाऱ्यातली बाई अनोळखी डॉक्टरवर विसंबून जात नाही. ती ओळखीच्या बाईवर विसंबून जाते. मैत्रीचा विश्वास ही या कार्यक्रमाची सर्वांत मोलाची ठेव होती आणि यंत्रणेने ती १५० रुपयांच्या दराने वापरायला काढली. ज्या बाईला निश्चित वेतन नाही, तिला ‘या शिबिराला मी कोणाला आणणार नाही’ असे म्हणण्याची मुभाही नाही. नकार देण्याची ताकद ही पगारदार माणसाची असते, नगावर जगणाऱ्याची नसते.

आणि इथे जुना युक्तिवाद उलटा होतो. पगार दिला तर ती सरकारची होईल, लोकांची राहणार नाही, असे २००२ साली वाटले होते. प्रत्यक्षात पगार न दिल्याने ती दरपत्रकाची झाली.

आक्षेप

याला उत्तर देणारे म्हणतील की पगाराने सेवाभाव संपतो, १९७७ला तेच झाले. हा आक्षेप हलका नाही. नियमित वेतनाच्या जागेसाठी वशिला चालतो, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण १९७७च्या अपयशाचे कारण ५० रुपये होते असे म्हणणे कठीण आहे. ५० रुपयांनी कोणाचा सेवाभाव विकत घेतला जात नाही. चूक निवडीत होती आणि पाठीशी कोणी नसण्यात होती. तीन महिने शिकवून त्या माणसाला सोडून दिले. मितानिनच्या बाबतीत सुमारे वीसजणींमागे एक प्रशिक्षिका, तीही बहुधा त्यांच्यातूनच वर आलेली, वारंवार प्रशिक्षण आणि पाऱ्यातली निवड ही सारी रचना होती. कार्यक्रम टिकला तो या रचनेमुळे. बिनपगारी होती म्हणून तो टिकला, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

चीनचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते. तिथल्या ‘अनवाणी डॉक्टर’ या नावाने १९६८ नंतर जगाला भुरळ घातली. भाताच्या खाचरात अनवाणी काम करणारा आणि तसाच रुग्णाकडे धावणारा माणूस, अशी ती प्रतिमा. त्याचे कामाचे गुण सामूहिक शेतीच्या हिशेबात धरले जात. म्हणजे अनवाणी असला तरी त्याच्या श्रमाची नोंद होती. सामूहिक शेती मोडली तशी ती नोंद मोडली आणि १९८५ साली सरकारने ते नावच रद्द केले. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना ‘ग्रामीण डॉक्टर’ म्हटले गेले. जगाने नावाची आठवण ठेवली, हिशेबाची नाही. आपण मितानिनच्या बाबतीत तीच चूक करतो आहोत.

आपल्या दारातली ताई

आता आपल्या भाषेकडे वळू. महाराष्ट्राच्या शासननिर्णयांत तिचे नाव ‘आशा स्वयंसेविका’ असते. तिच्या संघटनेच्या फलकावर ‘आशा कर्मचारी’ किंवा ‘आशा वर्कर’ असते. गाव तिला ‘आशाताई’ म्हणते. एकाच बाईची ही तीन नावे म्हणजे तीन दावे आहेत. सरकार म्हणते ती आपखुशीने येते. गाव म्हणते ती आमच्या घरातली आहे. ती स्वतः म्हणते मी काम करते. या तिघांत इंग्रजी शब्द वापरणारी तीच आहे, हे भाषाप्रेमींनी जरा थांबून पाहावे. ‘सेविका’, ‘ताई’, ‘स्वयंसेविका’ या आपल्या शब्दांत तिच्या मजुरीला जागा नव्हती, म्हणून तिला परका शब्द जवळ करावा लागला.

‘मानधन’ हा शब्द तर आणखी बोलका आहे. व्याख्यानाला आलेल्या वक्त्याला देतात ते मानधन. त्याचे पोट त्यावर चालत नाही असे गृहीत असते, म्हणून रक्कम विचारणे असभ्य ठरते. हाच शब्द अंगणवाडी सेविकेला, आशेला, रोज उन्हात फिरणाऱ्या बाईला लावला की मान तेवढा शब्दात राहतो आणि धन कुठे ते विचारणे असभ्य होते. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आश्वासन मिळाले. त्याचा शासननिर्णय निघावा म्हणून जानेवारी २०२४मध्ये पुन्हा संप करावा लागला आणि मार्चमध्ये मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. त्याआधी, मे २०२२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला होता. मान जिनिव्हाहून आला; धनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले.

या शब्दाचे सर्वांत नेमके वाचन अखेरीस न्यायालयाने केले आहे. २००६ साली अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचे पद हे शासकीय सेवेतले पद नाही असे म्हटले होते. एप्रिल २०२२मध्ये, गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या व्याख्येतले वेतनच आहे असे सांगितले. नाव काहीही द्या, आत वेतन आहे, असे ते वाचन आहे. हा निकाल आशांना किंवा मितानिनांना आपोआप लागू होत नाही. अंगणवाडीला कायद्याने मिळालेले स्थान त्यांना अजून मिळालेले नाही. २०१३ साली ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्या अशा सगळ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. तीही कागदावरच आहे.

म्हणून मितानिन हे नाव टाकून द्यावे का? मला तसे वाटत नाही. ते नाव गेले तर साठ-सत्तर घरांची ओढ, रात्री दार वाजवण्याचा हक्क, रेशनदुकानावर मोर्चा नेण्याची हिंमत हेही जाईल आणि उरेल ती फक्त दरपत्रकातली बाई. पाऱ्याने निवडण्याची आणि पाऱ्याने काढून टाकण्याची मुभा राहिलीच पाहिजे. तोच लोकांचा अंकुश आहे. पण त्यासोबत तिच्या स्वतःच्या नावाचे नियुक्तिपत्र हवे, महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळणारे निश्चित वेतन हवे, आजारपणाची रजा हवी, म्हातारपणाची सोय हवी, आणि परिचारिकेच्या शिक्षणाकडे जाणारी वाट इच्छा असेल तिला खुली हवी. व्यवसाय म्हणतात तो याला. नाते आणि व्यवसाय एकमेकांचे वैरी नाहीत. शाळेतल्या मास्तरांना गाव ‘गुरुजी’ म्हणत आले, आणि त्यांचा पगार झाला म्हणून कोणी त्यांना गुरुजी म्हणायचे थांबले नाही. मास्तरांना जे मिळाले ते ताईला आणि मितानिनला का मिळू नये, याचे उत्तर सेवाभावात सापडत नाही. काळजी घेणे हे बाईचे काम आणि बाईच्या कामाला दाम नसतो, या आपल्या घरातल्याच समजुतीत ते सापडते. शासनाने ती समजूत फक्त योजनेत लिहून काढली.

छत्तीसगडमध्ये २३ नोव्हेंबर हा मितानिन दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तिचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. भोजलीची रीत त्याहून जुनी आणि त्याहून कडक आहे. तिच्यात सत्कार नाही. आज मी तुझ्या कानामागे कोंब खोवला तर तूही माझ्या कानामागे खोवायचा असतो. एका बाजूने खोवून नाते होत नाही.